काटा ९०.४ वर: पुणे ते माचनूर, पाच दिवस

पुण्यात एफएमचा काटा ९०.४ वर ठेवला की फिल्म इन्स्टिट्यूटचं केंद्र लागतं. काटा न हलवता बारामतीला गेलं की त्याच जागी वसुंधरा वाहिनी बोलायला लागते. पुढे माणदेशात, म्हसवडला, माणदेशी तरंग वाहिनी. आणि सोलापूर ओलांडून तेलंगणात झहीराबादजवळच्या माचनूरला पोचलं की तिथेही ९०.४ च, फक्त आता तेलुगूतून: संघम् रेडिओ. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात हा रस्ता पाच दिवसांत केला. सोबत दोन ट्रान्झिस्टर होते. एकाचा काटा ९०.४ वर आणून त्यावर चिकटपट्टी लावून टाकली, दुसरा बाकीच्या केंद्रांसाठी मोकळा.

चारही गावांचा आकडा एकच असण्याला कारण आहे. ही चारही सामुदायिक केंद्रं, म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या परिसरापुरती, नफ्याविना चालवलेली लहान केंद्रं. अशांसाठी एफएम पट्ट्यात सरकारने मोजक्याच जागा ठेवल्या. ९०.४, ९०.८ आणि ९१.२ या त्यांतल्या मुख्य. खासगी एफएमचा प्रक्षेपक कित्येक किलोवॉटचा असतो. इथे सर्वसाधारण मर्यादा आहे १०० वॉट प्रभावी शक्तीची, म्हणजे घरातल्या जुन्या शंभरच्या बल्बाएवढी. आवाज दहा-पंधरा किलोमीटर नीट जातो आणि मग विरतो. म्हणूनच शंभर किलोमीटरवर तीच जागा दुसऱ्या गावाला देता येते. आठवडी बाजाराला माणसं जेवढ्या लांबून येतात, साधारण तेवढाच हा टापू. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचं शिवार माहीत असतं, ते या मापामुळे.

दिवस पहिला: पुणे

पुण्यात लहान केंद्र ऐकणं सगळ्यांत अवघड, कारण पट्टा गच्च भरलेला. एफएमची रीत अशी की एकाच जागी दोन लहरी आल्या तर जी जोरदार ती दुसरीला पुरती दाबते, आणि शेजारच्या जागेवरचं दांडगं केंद्र स्वस्त सेटमध्ये आत घुसतं. लॉ कॉलेज रस्त्यावर ९०.४ स्वच्छ. वेताळ टेकडी मध्ये आली की पाषाणच्या अंगाला खरखर सुरू. टेकडीच्या सावलीत एफएम पोचत नाही, मग केंद्र हवाई अंतराने कितीही जवळ असो. फिल्म इन्स्टिट्यूटचं केंद्र २००७ पासून चालतं. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी मात्र १०७.४ वर, पट्ट्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. काट्याच्या जुन्या सेटमध्ये ते टोक नीट लागत नाही, चकती आधीच अडते. विद्यावाणीसाठी आकडे दाखवणारा सेट न्यावा.

सुरुवात पुण्यातून करण्याचं आणखी एक कारण आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल दिला. खटला होता क्रिकेटच्या सामन्यांचं प्रक्षेपण कोणी करायचं याचा, एका बाजूला केंद्र सरकार आणि दुसऱ्या बाजूला बंगालची क्रिकेट संघटना. निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. ते आपले, मराठी. २०२१ मध्ये पुण्यातच गेले. त्या निकालानंतरही सरकारला दार उघडायला बरीच वर्षं लागली. २००२ च्या अखेरीस शैक्षणिक संस्थांना परवानगी मिळाली, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना. सावंतांचं नाव या प्रवासात पाचव्या दिवशी पुन्हा येणार आहे.

सेटबद्दल थोडं. ट्रान्झिस्टरची दांडी पूर्ण ओढायची सवय असते. ९०.४ ला पाव लहर येते सुमारे ८३ सेंटिमीटर. धातूच्या दांडीत ती ७९-८० ला नीट जुळते. १०७.४ ला ६६-६७ पुरे. टेप लावून मोजा आणि दांडीवर पेनाने खूण करा. दांडी उभी धरून पाहा, आडवी धरून पाहा. केंद्राचा अँटेना जसा असेल तशी ती बोलते. फोनवर ऐकायचं तर इअरफोनची वायर हीच अँटेना, त्यामुळे बिनवायरच्या इअरफोनवर एफएम लागत नाही. नव्या बऱ्याच स्मार्टफोनमध्ये एफएम नसतंच किंवा बंद करून ठेवलेलं असतं. २०२३ मध्ये सरकारने फोन बनवणाऱ्यांना ते सुरू ठेवण्याचा सल्ला दिला, पण खेड्यांत खरी भिस्त अजून बटणांच्या फोनवर आहे. असा एखादा फोन बरोबर असू द्या.

दिवस दुसरा: बारामती

सासवड, जेजुरी, मोरगाव असा रस्ता. दिवे घाट चढेपर्यंत पट्टी लावलेल्या सेटवरचं पुणे गेलेलं असतं. मग तासभर नुसती सरसर, आणि बारामती जवळ आली की त्या सरसरीतून शब्द वर यायला लागतात: आधी फक्त स, श, मग अर्धं वाक्य, मग माणूस. वसुंधरा वाहिनी विद्या प्रतिष्ठानची. परिसर शिक्षणाचा, भोवती ऊस आणि दुधाची जनावरं, आणि कार्यक्रमांची माती तीच.

दुपारी रसवंतीवर दोन शेतकऱ्यांचं बोलणं चाललं होतं ते शेतीपंपाच्या विजेच्या पाळीचं. या आठवड्यात दिवसा की रात्री, एवढाच मुद्दा. रात्रीची पाळी असेल तर थंडीत बारे द्यायला कोण जाणार हे घरात आधी ठरवावं लागतं. हीच माहिती राज्यभर ऐकू जाणाऱ्या केंद्रावरून सांगितली तर बाकी महाराष्ट्राला निरर्थक, आणि या दोघांना ती सकाळीच हवी. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात. पण हवामान, पाणी, वीज, रस्ते, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जागा, स्थानिक उत्सव हे बातमी धरलं जात नाही. नियमाने सोडलेली ही यादी वाचली तर दिसतं की गावाला रोज लागणारं जवळपास सगळं त्यात आहे.

इतर अटीही माहीत असाव्यात, कारण केंद्र पाहायला गेलेल्यांतला एखादा हमखास विचारतो की आमच्या गावात काढता येईल का. अर्ज व्यक्तीला करता येत नाही. संस्था नफ्यासाठी नसावी आणि किमान तीन वर्षं जुनी असावी. निम्मे कार्यक्रम तरी तिथेच बनलेले हवेत. प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं. मनोरा जमिनीपासून १५ मीटरच्या खाली नको आणि ३० च्या वर नको. २०२४ च्या सुधारित नियमांनी परवान्याची पहिली मुदत १० वर्षं केली, जाहिरातींना तासाला ७ ऐवजी १२ मिनिटं दिली आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ७४ रुपये केला. सल्लागार समितीत निम्म्या बायका हव्यात हेही त्यातच. मला सगळ्यांत मोलाचं हे शेवटचं कलम वाटतं.

आता शंभर वॉटचा हिशेब, कारण इथेच बहुतेक नवी केंद्रं चुकतात. प्रक्षेपक असतो ५० वॉटचा. एकावर एक लावलेल्या दोन द्विध्रुवी अँटेनांनी तो जोर क्षितिजाच्या दिशेला दुप्पट होतो, म्हणजे १००. मधली केबल काही खाते. खोलीपासून मनोऱ्याच्या टोकापर्यंत ४० मीटर धरा. अर्ध्या इंचाची फोमची जाड केबल असेल तर सुमारे एक डेसिबल जातो आणि हाती ८० उरतात. पैसे वाचवायला साधी, बारीक केबल टाकली की अडीच डेसिबलच्या वर गेले. ५० मधले २७-२८ वॉटच वर पोचतात, बाकी केबल गरम करतात. पुढची पाच वर्षं केंद्र निम्म्या गावांना ऐकू येत नाही आणि दोष प्रक्षेपकाला मिळतो. दुसरी चूक स्टिरिओची. स्टिरिओत कडेच्या गावांना खरखर फार वाढते. बोलणं आणि लोकगीतं हाच माल असेल तर मोनोवर चालवावं, टापू लगेच मोठा होतो आणि खर्च शून्य.

दिवस तिसरा: म्हसवड

या प्रवासातला सगळ्यांत भरलेला दिवस हा. फलटण, दहिवडी करत आदल्या रात्रीच म्हसवड गाठणं बरं, कारण जानेवारीतली इथली पहाट चुकवू नये. माण तालुका पर्जन्यछायेतला; पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही लहरी. हवा कोरडी, थंडी हाडात शिरणारी. पहाटे सहाला गावाबाहेरच्या माळावर पट्टी लावलेला सेट सुरू केला तर भलतंच काहीतरी लागलं: फिल्मी गाणं, मग कानडीसारखी दोन वाक्यं, मग सगळं पुसलं आणि पुन्हा गाणं. निरभ्र थंड रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरचा थर ऊबदार असतो. त्या थरावरून एफएमच्या लहरी वाकतात आणि शंभर-दोनशे किलोमीटरवरचं केंद्र अंगणात येऊन उतरतं. ऊन तापलं की नऊच्या आत खेळ संपतो. लहान केंद्राच्या माणसाने हिवाळ्यात पहाटेच्या तक्रारींनी घाबरून जाऊ नये. बिघाड आपल्याकडे नसतो.

म्हसवड सिद्धनाथाचं गाव. माणदेशी महिला बँक १९९७ ची, आणि त्याच माणदेशी परिवाराची तरंग वाहिनी २००८ ची. बँकेचा पहिला अर्ज, बायका निरक्षर म्हणून, परत आला होता. त्यांनी रात्रीचे वर्ग लावले आणि पुन्हा अर्ज केला. हा इतिहास इथे सांगायचा तो अशासाठी, की वाहिनीवरही अक्षरओळखीची अट कधी लागली नाही. केराबाई इथल्याच. लिहिता-वाचता येत नाही, गाणी मात्र तोंडात भरलेली; त्या बळावर त्या निवेदक झाल्या. जिथे लिखित संहितेशिवाय बोलायची मुभा असते तिथे भाषा आपली राहते. माणदेशीतला हेल, ‘आमच्या इकडं’, ‘काय सांगू बया’, हे सगळं हवेत जसंच्या तसं जातं, आणि ऐकणारीला वाटतं की ही आपल्याच वस्तीवरची.

दुपारी एका वस्तीवर जात्यावरच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण होतं. दोन सासुरवाशिणी आणि त्यांची चुलतसासू. सगळ्या तिला ‘आत्याबाई’ म्हणत होत्या. जातं घराच्या पडवीत. हे काम करायला फार बारकावे लागतात आणि ते कुठे लिहिलेले सापडत नाहीत, म्हणून सविस्तर.

जात्याची घरघर खालच्या सुराची असते आणि जमिनीतून माइकच्या स्टँडमध्ये चढते. जात्याखाली घोंगडीची चौपदरी घडी घालावी. स्टँड जमिनीवर न ठेवता उशीवर ठेवावा किंवा माइक हातात धरावा. माइक गाणारीच्या तोंडापासून वीतभर, समोर न धरता गालाच्या रेषेत, किंचित खालून वर बघणारा. समोर धरला की प, फ, भ ला फटके बसतात. रेकॉर्डरवर ८० हर्ट्झखालचं कापणारी कळ असेल तर ती दाबावी. ओवी त्याच्या वरच असते. पातळी लावताना पहिल्या ओवीवर जाऊ नका. पहिली ओवी लाजत येते, तिसरीला आवाज मोकळा होतो. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा, म्हणजे वर जागा उरते. वारा असेल तर फोमच्या टोपीवर आणखी एक सुती फडका.

बांगड्यांचा प्रश्न येतोच. खुंटा फिरताना काचेचा चुडा किणकिणतो आणि माइकवर तो गाण्याहून मोठा वाटतो. बांगड्या काढा, असं चुकूनही म्हणू नये. धाकट्या सुनेने स्वतःच उपाय केला: जुन्या लुगड्याची दोन बोटं रुंद चिंधी फाडली, बांगड्या मनगटावरून कोपराकडे सारल्या आणि वरून सैल गुंडाळली. किणकिण गेली नाही, मागे सरकली. ऐकताना कळतं की ती तेवढी हवीच होती. मग आत्याबाईंनी दळण संपत आलं तरी थांबायचं नाव घेतलं नाही आणि त्या बसल्या जागी जुळवून म्हणाल्या:

दळण सरलं गं, सरंना माझं गाणं
रेडूच्या डबीमंदी ठिवलं माझं गाऱ्हाणं

‘रेडू’ म्हणजे रेडिओ. ‘ही घ्येतलं का?’ त्यांनी विचारलं. ‘पुना म्हनू?’ पुन्हा म्हटली ती वेगळी आली, आणि पहिलीच ठेवायची ठरली.

शेवटी दोन गोष्टी. सगळ्यांना गप्प करून तीस सेकंद नुसती पडवी ध्वनिमुद्रित करावी; संकलनात दोन तुकडे जोडताना तीच शांतता मधे भरावी लागते. आणि गाणारीने स्वतःच्या आवाजात नाव, गाव, तारीख आणि ‘हे वाजवायला माझी हरकत नाही’ एवढं बोलावं. दुसऱ्या केंद्राला द्यायचं असेल तर तेही तिथेच विचारावं. आत्याबाईंना विचारलं, हे तेलंगणातल्या बायकांना ऐकवू का? त्यांचा प्रश्न एकच होता: ‘त्यास्नी जातं हाय का?’

जेवायला बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, खर्डा आणि थंडीवर उतारा म्हणून हुलग्याचं माडगं. हुलगा भाजून, दळून, पाण्यात शिजवून त्यात गूळ. गरम असतानाच प्यायचं, निवलं की लापशी होते.

संध्याकाळी वीज गेली. सेट दोन पेन्सिल सेलवर चालत होता आणि वाहिनीही चालू राहिली. लहान केंद्राच्या विजेचा हिशेब असा: प्रक्षेपक मुख्य लाइनवरून १५०-२०० वॉट ओढतो, संगणक, मिक्सर, दिवे धरून एकूण ५०० च्या घरात. १५० अँपिअर-तासाच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांत ३.६ युनिट मावतात; बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरावेत. म्हणजे साडेतीन तास. स्टुडिओचा एसी कधीही या बॅटरीवर जोडू नये, तासाभरात सगळं आडवं होतं. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशीने मोठी चारा छावणी चालवली होती. अशा वेळी पाण्याचा टँकर कुठे आणि कधी, पेंढीची गाडी आली का, एवढं सांगणारा एक स्थानिक आवाज चालू असणं म्हणजे काय, ते माणदेशातल्या माणसाला विचारावं.

भेटीला जाणाऱ्यांसाठी: फोन करून वेळ ठरवूनच जावं. केंद्रात माणसं कमी असतात आणि लाल दिवा लागलेला असताना दार उघडता येत नाही. स्टुडिओत चप्पल बाहेर, फोन बंद. नुसता मूक करून चालत नाही, कारण फोनची टिकटिक माइकच्या वायरीत उतरते.

दिवस चौथा: पिलीव, पंढरपूर, सोलापूर

हा जोडणीचा दिवस. पिलीवच्या पुढे ९०.४ शांत होतं, मग मोकळ्या सेटवर मध्यम लहरी लावाव्यात. १९६३ पासूनचं आकाशवाणी सांगली १२५१ किलोहर्ट्झवर, आणि या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना हा आकडा पाठ. मध्यम लहरींना सेटवरची दांडी उपयोगाची नाही. आत आडवी बसवलेली फेराइटची कांडी ऐकते. सेट गोल फिरवून पाहावा. कांडीचं टोक केंद्राकडे झालं की आवाज बसतो, कांडी आडवी झाली की खुलतो. हीच युक्ती उलटी वापरून जवळच्या एलईडी दिव्याची किंवा चार्जरची गुरगुर मारता येते: टोक त्या दिव्याकडे करा. मध्यम लहरींचे काही प्रक्षेपक अलीकडे बंद होत चाललेत, त्यामुळे आकाशवाणीच्या अ‍ॅपवर आधी खात्री करून निघावं.

पंढरपूर ते सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी पोटरीतून बाहेर आलेली, काही ठिकाणी हुरड्यावर. हुरड्याबरोबर शेंगाची चटणी सोलापूरचीच, लाटून तेल सुटलेली.

सोलापुरात एका टपरीवर एक तंत्रज्ञ भेटले. तीन-चार जिल्ह्यांतल्या लहान केंद्रांचे मनोरे चढून दुरुस्त करणं हा त्यांचा उद्योग. पिशवीतून त्यांनी रुमालात बांधलेला एक पितळी कनेक्टर काढला, अँटेना आणि केबल जोडणारा. बाहेरून चकचकीत. फिरवून उघडला तर आत मधल्या टाचणीभोवती हिरवट बुरशीसारखा थर आणि पांढऱ्या प्लास्टिकवर केसाएवढी काळी रेघ. ‘ही रेघ म्हणजे दोन महिने बंद,’ ते म्हणाले. केंद्र कुठलं ते सांगितलं नाही आणि विचारलंही नाही.

गोष्ट अशी घडते. पावसाचं पाणी सांध्यातून झिरपतं आणि केबलच्या जाळीतून खाली उतरत जातं. अँटेनाकडे जाणारी काही शक्ती परत फिरते. प्रक्षेपकावर या परतीचा आकडा (एसडब्ल्यूआर) दिसतो: १.५ असेल तर ४ टक्के परत येतात, २ ला ११, ३ ला २५. चांगला प्रक्षेपक स्वतःला वाचवायला आपोआप शक्ती खाली आणतो, म्हणून स्टुडिओत सगळं ठीक वाटतं आणि आठ किलोमीटरवरच्या गावाला ऐकू येत नाही. स्वस्त प्रक्षेपकाचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळतो. मग भाग मागवा, वाट पाहा.

त्यांचा उपाय साधा. जोड घट्ट झाला की आधी रबराची, ताणून चिकटणारी टेप, खालून वर गुंडाळायची, म्हणजे पदर कौलांसारखे एकावर एक येतात आणि पाणी घसरतं. त्यावर साधी काळी विद्युत टेप, कारण रबर उन्हात तडकतं. केबल इमारतीत शिरण्याआधी तिला खाली झोका द्यावा, थेंब तिथून गळून पडतो. हे काम मेच्या अखेरीस, मृगाच्या आधी. आणि रोज प्रक्षेपण सुरू करताना परतीचा आकडा वहीत लिहायचा. १.२ चा १.३, १.३ चा १.४ होताना दिसला की चढायची वेळ झाली. वीज पडण्याचं भय वेगळं. त्यासाठी मनोऱ्याची अर्थिंग खड्ड्यातच तपासावी, आणि कोरड्या मुलखात उन्हाळाभर त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावं. कोरडी माती विजेला वाट देत नाही.

दिवस पाचवा: झहीराबाद, माचनूर

सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद करत हैदराबादचा महामार्ग झहीराबादला आणतो. रेल्वेने यायचं तर विकाराबाद-परळी मार्गावर झहीराबाद स्टेशन आहे. रस्त्यात भाषा दोनदा बदलते, पण बाजारात दखनी उर्दू सगळीकडे चालते आणि मराठी कळणारं कोणी ना कोणी भेटतं. जमीन लाल, हलकी, कोरडवाहू. माणदेशातून आलेल्याला ती परकी वाटत नाही.

संघम् रेडिओ डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचा. तिचं काम इथल्या लहान शेतकरी दलित बायकांच्या संघांवर उभं आहे. संघ म्हणजेच संघम्. पी. व्ही. सतीश यांनी साथीदारांबरोबर ते उभं केलं. ते २०२३ मध्ये गेले. बायकांनी १९९८ पासून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. परवानगी नव्हती, म्हणून त्या कॅसेट संघाच्या बैठकांत नेऊन वाजवायच्या. दहा वर्षं असं चाललं. १५ ऑक्टोबर २००८ रोजी, ग्रामीण महिला दिनाला, देशातलं स्वयंसेवी संस्थेचं पहिलं सामुदायिक केंद्र इथे सुरू झालं, आणि उद्घाटनाला आले न्यायमूर्ती पी. बी. सावंत. ज्यांनी लहरी लोकांच्या म्हटल्या होत्या त्यांच्याच हस्ते त्या लोकांच्या हाती गेल्या. केंद्र सांभाळलं ते जनरल नरसम्मा आणि अल्गोले नरसम्मा यांनी, दोघी इथल्याच.

कार्यक्रमांत बियाणं आणि शेती पुष्कळ. एका शेतात ज्वारी, तूर, राळे, वरी, अंबाडी, कडेला तीळ, हा मिश्रपेरा इथला जीव आहे, आणि कुठल्या ओळीनंतर कोणती ओळ हे सांगायला वीस वर्षं पेरलेली बाई लागते. संक्रांतीच्या सुमारास जुन्या पिकांची जातरा निघते, ‘पाता पंटला जातरा’. सजवलेल्या बैलगाड्यांतून मडक्यांत भरलेली बियाणी गावोगाव फिरतात. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर तिची तारीख आधी विचारून घ्या. जेवणात जोन्न रोट्टे, म्हणजे ज्वारीची भाकरी, सोलापूरच्या कडक भाकरीपेक्षा मऊ आणि जाड, सोबत अंबाडीची भाजी.

प्रसारण संध्याकाळचं, शेतातून बाया परतल्यावरचं. त्याआधीच्या निवांत वेळात म्हसवडच्या ओवीची फाइल ऐकवली. पाच-सहा जणी, मधे एक लहान स्पीकर. शब्द कोणालाच कळत नव्हते. घरघर सुरू होताच एक म्हातारी म्हणाली, ‘तिरगली!’ तिरगली म्हणजे जातं. तिने उजवा हात हवेतच फिरवायला सुरुवात केली, खुंटा धरल्यासारखा, आणि ओवीच्या दुसऱ्या ओळीवर तिचा हात नेमका आत्याबाईंच्या फेऱ्यात पडला. ‘गाऱ्हाणं’ या शब्दाचा अर्थ दखनीतून समजावून सांगावा लागला. तो कळल्यावर तिने स्वतःचं तेलुगू जात्यावरचं गाणं म्हटलं. फेरा तोच, ओळ थोडी लांब.

केंद्रातल्या एका ताईंनी सराईतपणे माइक तिच्या गालाच्या रेषेत आणला, वीतभर. संपल्यावर तिने आपलं नाव, गाव, तारीख सांगितली आणि हे गाणं म्हसवडला वाजवायला हरकत नाही असंही सांगितलं. मग तिने प्रश्न विचारला, तो ताईंनी हसत दखनीत करून दिला: त्या बाईकडे ज्वारी दळतात की बाजरी? बाजरी, म्हटल्यावर तिने मान हलवली. बाजरी जड, म्हणून तिचा श्वास मधे तुटतोय, असं तिचं म्हणणं. फाइल पुन्हा लावली. दुसऱ्या ओळीत श्वास खरंच तुटत होता. दोन्ही फाइली एका पेनड्राइव्हवर घेतल्या, नावं दिली ‘म्हसवड, जातं, बाजरी’ आणि ‘माचनूर, तिरगली, ज्वारी’, आणि एक प्रत तिथेच ठेवली.